कुंभारणीचं दार

एक होती सुट्टी.
मे महिन्याची. लांबच लांब.

सुट्टीत शाळा बंद असते ना? पण आमची शाळा बंद नव्हती. आमच्या शाळेत शिबिर होतं.
पाटी नाही, पुस्तक नाही. करवंटीत रंग. रद्दीचे कागद. आणि माती. माती तर सगळीकडे. हाताला माती, नाकाला माती, पोळीच्या डब्यालासुद्धा माती.

छोटी मुलं भिरभिरी करायची. मधली मुलं मातीची खेळणी करायची. मोठे ताई-दादा चित्रं रंगवायचे. आणि सगळ्यांची मिळून एक शालनताई. ती कधी रागवायची नाही. रंग सांडला तरी म्हणायची, सांडला तर सांडला, आता त्याचंच काहीतरी करू.

मातीच्या खोलीला होती एक खिडकी. खिडकीत राहायची एक कुंभारीण.
कुंभारीण म्हणजे कोण? एक माशी. कंबर बारीक. पंख पिवळट. उडाली की घूं घूं घूं.
ती मातीचं मडकं करायची. बोराएवढं मडकं. तोंडानंच मळायची, तोंडानंच लिंपायची. कुणी शिकवलं नव्हतं, पण काम सगळ्यांत सुबक तिचंच.

मडकं झालं. मडक्यात तिचं बाळ निजलं. आता राहिलं फक्त दार.
दारासाठी तिनं एक गोळी मळली. मोहरीहून मोठी, वाटाण्याहून लहान. मऊ मऊ. ओली ओली.
गोळी ठेवली खिडकीत. जरा पंख झटकले. वळून बघते तर काय?
गोळी नाही.

कुणी घेतली? गौतमीनं घेतली.
गौतमी होती सहा वर्षांची. पुढचे दोन दात पडलेले. ती करत होती हत्ती. सोंड झाली, शेपूट झालं, डोळा राहिला. खिडकीत दिसली छान गोळी. उचलली आणि लावली. हत्तीला डोळा आला.
खरं सांगू? ती गौतमी म्हणजे मीच. पण गोष्टीत आपण तिला गौतमीच म्हणू. मला जरा बरं वाटेल.

कुंभारणीनं दुसरी गोळी करावी, तर ओला चिखल कुठे? ऊन कडकडीत. डबकी आटलेली. ही एवढीशी गोळी करायलाच तिची सकाळ गेली होती.
आणि भिंतीखाली आल्या मुंग्या. लाल लाल मुंग्या. त्यांना वर उघडं दार दिसलं. तुरू तुरू तुरू, त्या चढायला लागल्या.
आत शिरल्या तर बाळाला चावतील.

घूं घूं घूं. कुंभारीण आली गौतमीकडे.
"गौतमी गौतमी, गोळी दे.
दार माझं लागेना,
आत बाळ एकटं."
गौतमी म्हणाली, "गोळी दिली तर माझा हत्ती आंधळा होईल. ताईनं नवी माती दिली, तर देईन."

घूं घूं घूं. कुंभारीण आली ताईकडे.
"ताई ताई, माती दे.
गौतमी गोळी देईना,
दार माझं लागेना,
आत बाळ एकटं."
ताईनं पोतं दाखवलं. आत नुसती ढेकळं. वाळून दगड झालेली. ताई म्हणाली, "रांजणानं पाणी दिलं, तर देईन."

घूं घूं घूं. कुंभारीण आली रांजणाकडे.
"रांजणा रांजणा, पाणी दे.
ताई माती देईना,
गौतमी गोळी देईना,
दार माझं लागेना,
आत बाळ एकटं."
रांजणाचं पोट मोठं, पण आत खडखडाट. मुलांनी सकाळीच सगळं पाणी रंगात घालून संपवलं होतं. रांजण घुमला, "हापसा चालला, तर देईन."

मुंग्या कुठे पोचल्या? भिंतीच्या पहिल्या विटेवर.
तुरू तुरू तुरू.

घूं घूं घूं. कुंभारीण आली हापशाकडे.
"हापशा हापशा, चाल ना.
रांजण पाणी देईना,
ताई माती देईना,
गौतमी गोळी देईना,
दार माझं लागेना,
आत बाळ एकटं."
हापसा म्हणाला, चालेन की. मला काय, पाणी तर पोटातच आहे. पण दांडा कोण मारणार? तू? आणि तो एकटाच हसला, खटर्र. "दादा उठला, तर चालेन."

दादा म्हणजे हेरंबदादा. चौदा वर्षांचा. ताडमाड उंच. ओठावर चार केस आले होते, त्यांना तो मिशी म्हणायचा.
घूं घूं घूं. कुंभारीण आली दादाकडे.
"दादा दादा, ऊठ ना.
हापसा चालेना,
रांजण पाणी देईना,
ताई माती देईना,
गौतमी गोळी देईना,
दार माझं लागेना,
आत बाळ एकटं."
दादा गाल फुगवून बसला होता. उद्या प्रदर्शन. शाळेच्या दारावर लावायची पाटी तो रंगवत होता. अर्धी रंगली आणि ब्रश गेला. कुणी नेला, तेही त्यानं पाहिलं होतं. दादा म्हणाला, "खारीनं ब्रश दिला, तर उठेन."

घूं घूं घूं. कुंभारीण आली खारीकडे.
"खारूताई खारूताई, ब्रश दे.
दादा उठेना,
हापसा चालेना,
रांजण पाणी देईना,
ताई माती देईना,
गौतमी गोळी देईना,
दार माझं लागेना,
आत बाळ एकटं."
खारीनं कौलाखालून डोकं काढलं. चिर्र चिर्र. तिचीही पिल्लं होती, तीन. ब्रशाच्या मऊ केसांवर ती झोपली होती. खार म्हणाली, "सावरीनं कापूस दिला, तर देईन."

मुंग्या कुठे पोचल्या? अर्ध्या भिंतीवर.
तुरू तुरू तुरू.

शाळेच्या मागं होतं सावरीचं झाड. उंच उंच. त्याला लटकली होती बोंडं. बोंडांत होता कापूस.
घूं घूं घूं. कुंभारीण आली सावरीकडे.
"सावरी सावरी, कापूस दे.
खार ब्रश देईना,
दादा उठेना,
हापसा चालेना,
रांजण पाणी देईना,
ताई माती देईना,
गौतमी गोळी देईना,
दार माझं लागेना,
आत बाळ एकटं."
सावर म्हणाली, "बोंडं पिकली, पण फुटेनात. वारा आला, तर देईन."

वारा कुठे होता? कौलांवर झोपला होता. दुपारी जेवून झोपतात ना आजोबा, तसा.
घूं घूं घूं. कुंभारीण आली वाऱ्याकडे.
"वाऱ्या वाऱ्या, ये ना.
सावर कापूस देईना,
खार ब्रश देईना,
दादा उठेना,
हापसा चालेना,
रांजण पाणी देईना,
ताई माती देईना,
गौतमी गोळी देईना,
दार माझं लागेना,
आत बाळ एकटं."
वाऱ्यानं जांभई दिली. हाऽऽ. "एकटा येऊन काय करू? भिरभिरं फिरलं, तर येईन खेळायला."

व्हरांड्याच्या खांबाला होतं एक भिरभिरं. रद्दीच्या कागदाचं. मधे टाचणी. कुण्या छोट्यानं केलं होतं, म्हणून जरा वाकडं.
घूं घूं घूं. कुंभारीण आली भिरभिऱ्याकडे. आता तिला धाप लागली होती.
"भिरभिऱ्या भिरभिऱ्या, फिर ना.
वारा येईना,
सावर कापूस देईना,
खार ब्रश देईना,
दादा उठेना,
हापसा चालेना,
रांजण पाणी देईना,
ताई माती देईना,
गौतमी गोळी देईना,
दार माझं लागेना,
आत बाळ एकटं."
भिरभिरं म्हणालं, "वारा आला, तर फिरेन."

घ्या. आता काय करायचं?
भिरभिरं फिरलं तर वारा येणार. वारा आला तर भिरभिरं फिरणार. आधी तू, आधी तू. असं कधी असतं का? असतं बरं. मोठ्या माणसांतही असतं.

आणि मुंग्या पोचल्या खिडकीत.

कुंभारणीनं आता कुणालाच काही विचारलं नाही. ती जाऊन बसली भिरभिऱ्याच्या पात्यावर. अगदी टोकाला. आणि हलवले पंख.
घूं घूं घूं.
पातं हललं नाही.
घूं घूं घूं घूं.
पातं हललं. एवढंसं.
घूं घूं घूं घूं घूं घूं घूं.
फर्र.

भिरभिरं फिरलं, फर्र फर्र फर्र.
वारा आला, सूं सूं सूं.
सावरीची बोंडं फुटली, फट् फट् फट्.
आणि कापूस उडाला.

थांब जरा. इथे मला नेहमी थांबावंसं वाटतं. सगळ्या अंगणात कापूस. पांढरा पांढरा, हलका हलका. मुलं हातातलं काम टाकून धावली. कुणाच्या केसांत कापूस, कुणाच्या ओल्या चित्रावर कापूस. शालनताईसुद्धा धावली, पदर खोचून. तसं अंगण मी परत कधी पाहिलं नाही. फार आठवतं ते मला.
बरं, चल. मुंग्या थांबलेल्या नाहीत.

खारीनं कापूस गोळा केला, पिल्लांखाली घातला. ब्रश टाकला, टप्.
दादा उठला. ब्रश कानावर ठेवला आणि बादली घेतली.
हापसा चालला, खटर्र खट्, खटर्र खट्.
रांजण भरला, बुडबुड बुडबुड.
ताईनं माती भिजवली, थप थप थप.
आणि एक ओला गोळा ठेवला गौतमीच्या पुढ्यात.

आता गौतमीची पाळी.
गौतमीनं हत्तीचा डोळा काढला. हळूच, नखानं. गोळी तळहातावर ठेवली. खिडकीपाशी गेली. तिला भीती वाटत होती. कुंभारीण डसते, असं सगळे सांगायचे. तरी तिनं हात पुढे केला.
मुंग्या मडक्यापाशी पोचल्या. पहिली मुंगी दारात.
गौतमीनं फुंकर मारली. फू. पहिली मुंगी मागं पडली.
कुंभारीण हातावर बसली. गुदगुल्या झाल्या. डसली नाही. तिनं गोळी उचलली आणि दाराला लावली. लिंप लिंप लिंप. इकडून लिंप, तिकडून लिंप.
दार लागलं.

मुंग्या आल्या. मडक्याभोवती फिरल्या. दार कुठेय? दार नाही. तुरू तुरू तुरू, गेल्या खाली.

गौतमी किती तरी वेळ तिथेच उभी होती. गोळी आधीच दिली असती तर? कुंभारणीनं तर आधीच सांगितलं होतं, आत बाळ एकटं. पण तेव्हा तिला हत्तीचा डोळाच मोठा वाटला होता. तिला फार वाईट वाटलं. ताई आली, तिच्या डोक्यावर मातीचाच हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. सगळ्यांचे आईबाबा आले. प्रत्येक वस्तूपुढे एक चिठ्ठी. चिठ्ठीवर करणाऱ्याचं नाव आणि वय. हत्तीपुढे लिहिलं होतं, गौतमी, वय सहा. हत्तीला आता दोन डोळे होते. एक जरा मोठा झाला होता.
लोक बघत बघत खिडकीपाशी यायचे आणि वाकायचे. तिथेही एक चिठ्ठी होती. गौतमीनंच लिहिली होती, वाकड्यातिकड्या अक्षरात.
कुंभारीण, वय माहीत नाही. मडकं, दारासकट.
हेरंबदादाचे बाबा म्हणाले, सगळ्यांत सुबक काम हेच. आणि दादा चक्क हो म्हणाला.

मग शिबिर संपलं. सुट्टीही संपली.
शाळा भरली त्या दिवशी गौतमी घंटेच्या आधीच आली. पळत पळत मातीच्या खोलीत गेली. पोतं नव्हतं. रांजण नव्हता. ताईसुद्धा नव्हती. बाकं होती आणि पुसलेला फळा होता. गौतमीला रडू आलं.

मग तिनं खिडकीत पाहिलं.
मडकं होतं. पण दाराला भोक होतं. एवढंसं, गोल.
मुंग्यांनी पाडलं? गौतमीनं डोळा लावून बघितलं. आत कुणी नव्हतं. दाराची माती बाहेरच्या बाजूला सांडली होती.
म्हणजे दार बाहेरून कुणी फोडलं नव्हतं.
बाळ मोठं झालं होतं. त्यानं आपलं दार आतून उघडलं होतं.