खोऱ्यातले पापड

खैरवाडीच्या ग्रामसभेत धारणकर साहेबांनी टेबलावर कागद ठेवला. त्यांच्या संस्थेने खोऱ्यातल्या घराघरात पापडाचे यंत्र दिले होते, म्हणून आता खैरवाडी गरिबीतून बाहेर आली, असे त्यावर लिहिले होते. गावाने सह्या केल्या की पिवळी रेशनकार्डे जमा होणार आणि स्वस्त धान्य बंद.

"बायांनो, उद्योग हातात आलाय. माल बाजारात न्या, आपोआप खपेल," साहेब म्हणाले.

यमुनाबाई उठली. तिच्या घरात खाणारी सहा माणसे होती. "साहेब, बाहेर आठवडी बाजार भरलाय. माझा एक पुडा विकून दाखवा. खपला, तर पहिला अंगठा माझा."

सुनेने घाबरून तिचा पदर ओढला, पण साहेब पुडा घेऊन निघालेसुद्धा. सगळी सभा त्यांच्या मागे गेली.

साहेबांनी पुडा दाखवताच बाजारातल्या पहिल्या बाईने आपली पाटी पुढे केली. पाटीत पापडच होते. दुसरीच्याही पाटीत तेच. तिसरी म्हणाली, "साहेब, तुम्हीच माझा घ्या की!"

तासाभराने साहेब घामाघूम होऊन परतले. पुडा तसाच होता.

"इथं जो तो विकायलाच बसलाय! घेणार कोण?" ते चिडून म्हणाले.

"सगळ्या खोऱ्याला तुम्हीच बसवलंत, साहेब," यमुनाबाई शांतपणे म्हणाली. "आता घेणारं एक घर उभं करा. त्या दिवशी कार्ड मी स्वतः आणून देते."

साहेबांनी सह्या न घेताच कागदाची घडी घातली.