तनुधारेतला कोरडा पाषाण

पूर्वी त्रेतायुगात, ज्या काळी तपस्व्यांच्या शब्दाला देवही वचकून असत, विंध्याच्या दक्षिणेस दग्धक नावाचे अरण्य होते. वृक्ष म्हणाल तर खैर आणि बाभळी, छाया म्हणाल तर कातळाच्या कपारी, आणि नदी म्हणाल तर वाळूची एक पांढरी रेघ. वर्षाकाळी मात्र पुष्करावर्तक मेघ त्रिकंटक पर्वताच्या माथ्यावर थोडे विसावत आणि त्याच्या कड्यावरून तनुधारा नावाचा प्रपात कोसळू लागे. मेघ हलले की तीही आटे. दग्धकातल्या जीवमात्रांचे सारे आयुष्य त्या थोडक्या दिवसांवर टांगलेले होते.

या अरण्यात धूम्रायण नावाच्या तापसाची भार्या आर्जवी राहत असे. पती दूरदेशी एका राजाच्या यज्ञाला गेलेला, आणि ही एकटी, कडेवर उदिता नावाची तान्ही कन्या. त्या वर्षी ग्रीष्म सरता सरेना. आधी आश्रमातला झरा आटला, मग गाय गेली, शेवटी आर्जवीच्या अंगावरचे दूधही आटले. उदिता रडत होती तोवर बरे होते. पुढे ती रडायचीही थांबली. आर्जवी सारखी तिच्या टाळूवर बोटे टेकवी. टाळू खोल गेली होती. पापणी उचलून पाहावी तर डोळा कोरडा. अशा वेळी मनात काय काय येते, ते ज्या बाईने तापलेले पोर मांडीवर घेतले आहे तिलाच ठाऊक.

एके दिवशी त्रिकंटकावर काळे मेघ दिसले. आर्जवीने पायांना पळसाची पाने बांधली, पोरीला पदरात गुंडाळले आणि ती निघाली. धोंडे तव्यासारखे तापलेले, वारा भट्टीतून निघाल्यासारखा, आणि पुढे मृगजळाची तळी तिला वेडावून दाखवीत मागे मागे सरकणारी. प्रत्येक चढावर तिला वाटे, आता पोरीचा श्वास थांबला. नाकाशी बोट धरून ती पाही, आणि पुन्हा चढू लागे.

शेवटचे वळण ओलांडले आणि तनुधारा दृष्टीस पडली. शंकराच्या जटेतून निसटलेल्या गंगेसारखी शुभ्र, सहस्र मृदंगांसारखी गर्जणारी, तुषारांनी कातळावर इंद्रधनुष्य उमटवणारी! पण तिच्यापासून अंतर राखून बाया आणि पोरे रिकामे घट घेऊन मुकाट बसली होती.

"बैस बाई," कुंडिका नावाची एक म्हातारी म्हणाली. "धारा कालच आली. तीन रात्री शिवायची नाही. विटाळशी आहे म्हणे."

"कोण विटाळशी?"

"अगं, पाणी!"

आर्जवीला वाटले, उन्हाने म्हातारीचे डोके फिरले. "आणि तीन रात्रींत मेघ निघून गेले तर?"

"मागल्या खेपेला गेलेच की. विटाळ गेला आणि पाणीही गेले. आम्ही चिखल पिळून प्यालो."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"शाप देतो बाई तो मुनी," म्हातारी कुजबुजली.

प्रपाताच्या पायथ्याशी दर्भांची रेघ आखून, मृगाजिन पसरून वज्रव्रत मुनी बसले होते. आर्जवीचे पाऊल रेघेशी येताच ते गरजले, "थांब, स्त्रिये! नूतन उदकाने ही नदी रजस्वला झाली आहे. त्रिरात्रपर्यंत हिला स्पर्श करणारा पातकी होय!"

"मुनिवर, माझी पोर जाते आहे. टाळू पाहा तिची."

"शास्त्र कोणाच्या पोरांकडे पाहून बोलत नाही."

"ते दिसतेच आहे. मग तुमच्या कमंडलूत काय आहे?"

"हे शरदातले, अगस्तीचा तारा उगवल्यावरचे शुद्ध जल."

"त्यातले घोटभर द्या."

"ते माझ्या संध्येचे आहे!"

आर्जवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतका वेळ ती भ्याली होती. आता भीतीला उभे राहायला तिच्यात जागाच उरली नाही. "तुमची संध्या पाण्यावाचून चुकेल, आणि माझी पोर पाण्यावाचून मरेल. यातले मोठे कोणते, हे ठरवायला शास्त्र कशाला लागते? बाईला बाजूला बसवता, ते आम्ही सोसले. आता नदीलाही बसवलेत! उद्या मेघांनाही बसवाल!"

मागे बसलेल्या बायांत कोणीतरी फिसकन हसले. मुनींचा क्रोध प्रलयाग्नीसारखा भडकला. हाती उदक घेऊन ते म्हणाले, "उद्धटे! या धारेचा एक थेंब जरी तुझ्या कन्येच्या मुखात गेला, तरी त्याचे तत्काळ विष होईल!"

आर्जवीने पोरीकडे पाहिले, मग धारेकडे. हा मेला बोलला ते खरे झाले तर? आणि न पाजून तरी काय होणार होते? मग तिने पोरीला कुंडिकेच्या मांडीवर ठेवले, दर्भांची रेघ पायाने विस्कटली आणि धारेखाली जाऊन ती स्वतः ओंजळीमागून ओंजळ पिऊ लागली.

"अगं, तुझ्यातून तिच्यात जाईल ते विष!" कुंडिका ओरडली.

"माझ्यातून पोरीत काय जाऊ द्यायचे ते मी बघते," आर्जवी म्हणाली. "विष माझ्यापाशी राहील, दूध तेवढे तिला जाईल."

आणि काय आश्चर्य! कुंडिकेच्या पदराने अंग पुसून तिने उदितेला उराशी घेताच तिला पान्हा फुटला. पोरीने आधी ओठ हलवले, मग डोळे मिटून ती चुटूचुटू पिऊ लागली. त्या क्षणी प्रपात दुभंगला आणि जलवस्त्र ल्यालेली, मेघवर्णी देवी तनुधारा प्रकट झाली.

"वज्रव्रता," ती म्हणाली, "ज्या रजाने तुझा पिंड घडला, ज्या गर्भोदकात तू नऊ मास पोहलास, ते कोणता तारा उगवल्यावर शुद्ध झाले होते रे? तुला माझा स्पर्श नको ना? तर कधीही होणार नाही. पाषाण होऊन तू माझ्या मधोमध उभा राहशील, आणि माझा एक तुषारही तुझ्यावर पडणार नाही."

मुनी धारेच्या मधोमध ओढले गेले आणि त्यांचे पाय गुडघ्यांपर्यंत शिळा झाले. हात जोडून त्यांनी उःशाप मागितला.

"तो माझ्या हाती नाही," देवी म्हणाली. "जिला अडवलेस त्या आर्जवीने क्षमा केली तर सुटशील."

"माते! हे पुण्यशीले आर्जवी!"

"आता मी माता झाले होय?"

"एक शब्द बोल! शिळा कंठापर्यंत आली!"

आर्जवीने पाठ फिरवली आणि पोरीवर पदर ओढला. "आत्ता नाही. लेकरू पितंय."

उदिता जगली. आर्जवी पुढे प्रतिवर्षी धारेला येत राहिली, आधी लेकीला घेऊन, मग नातवंडांना घेऊन. पाषाणाच्या फटीतून वारा विनवीत राही, आणि दर वेळी तिच्या मांडीवर कोणते ना कोणते लेकरू पीत असे. असे करता करता ती वृद्ध झाली आणि एके दिवशी निघून गेली. तो एक शब्द तिने कधी उच्चारला नाही.

तेव्हापासून दग्धकात नव्या पाण्याला कोणी विटाळ मानत नाही; पहिली ओंजळ लेकुरवाळीची असते. आणि मेघ गडगडून तनुधारा कोसळू लागली की तिच्या मधोमध तो काळा पाषाण दिसतो. धारा त्याला दोन्ही बाजूंनी टाळून जाते, आणि भर पाण्यात तो ठणठणीत कोरडा उभा असतो.