उपाशी धुरकरी

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या असतील तर सांभाळून घ्या. माझी शाळा लवकर सुटली, ती सुटलीच. शब्द साधे आहेत. गोष्टही साधीच आहे.

कापूस पिकणाऱ्या एका गावात शालिक नावाचा शेतकरी राहत असे. त्याच्याकडे हौशा आणि नवशा असे दोन बैल होते. वासरं होती तेव्हापासून त्यानं त्यांना स्वतःच्या हातानं भरवलं होतं. दरवर्षी गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, ही जोडी धुरळा उडवत पळायची. पण छकड्यावर बसून कासरा धरायचा तो गावातला कवडू. धुरकरी, म्हणजे छकडा हाकणारा, अंगानं हलका लागतो. कवडू काटकुळा होता आणि शालिक चांगला भरलेला.

आपले बैल दुसऱ्याच्या हाकेवर पळताना पाहून शालिकला ते सलायचं. लोक म्हणायचे, "शालिकची जोडी!" आणि शालिक दोरीच्या अलीकडे गर्दीत उभा असायचा.

त्या साली त्यानं मनाशी ठरवलं, यंदा आपण बसायचं. त्यानं खाणं तोडलं. सकाळी कोरा चहा, संध्याकाळी अर्धी भाकर. बायको वनमाला ताट वाढायची, तो सरकवून द्यायचा. सुरुवातीला कापूस तोलायच्या काट्यावर त्याचं वजन भराभर उतरलं. शालिक हरखला. मग काटा एका जागी अडून बसला. शालिकनं अर्ध्या भाकरीची चतकोर केली. काटा हलेना.

भर उन्हात त्याला हुडहुडी भरू लागली. दिवसभर शेतात राबणारा माणूस खाटेला चिकटला. पाणी प्यायचं तरी वनमालाला हाक मारायचा. भुकेनं जीव कासावीस झाला की शेंगदाण्याची मूठ तोंडात जायची. ती मात्र तो हिशेबात धरत नसे.

पट तोंडावर आला तेव्हा कवडू घरी आला.

"शालिकभाऊ, बैलायचा चारा तोडू का थोडा? हलके होतीन, वाऱ्यावानी पळतीन."

शालिक खाटेवरून ताडकन उठून बसला. "डोकं फिरलं का तुयं? चारा तोडला का बैल हलका नाही होत, मंदावते. रवंथ कमी करते, शेपटी हालवत नाही, सावलीत उभं राहून डुलक्या घेते. मिळंल तेवढ्यात भागवते. तू पटासाठी उपाशी ठेवलं, हे त्या मुक्या जनावराले कसं कळंन? त्याले वाटते, दुष्काळ पडला!"

चुलीजवळून वनमालाचा आवाज आला, "मंग तुमचं काय जी? तुमच्या खाटेवर कोनता दुष्काळ पडला?"

कवडूला हसू आवरेना. शालिक हसला नाही. त्यानं आपल्या गार पडलेल्या हातांकडे पाहिलं. या देहालाही शंकरपट कळत नव्हता. त्याला फक्त दुष्काळ कळत होता, आणि दुष्काळात वागावं तसाच तो वागत होता.

पटाचा दिवस उजाडला. छकडा जुंपला गेला. कवडूनं कासरा पुढे केला.

"जोडी तुई हाय, भाऊ. बसाचं असन तं बस. मी नाही म्हननार नाही."

शालिकनं कासरा हातात घेतला. बैलांनी कान टवकारले. इतकी वर्षं ज्याची आस धरली, ते पुढ्यात उभं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. आवरता आलं नाही तर बैल गर्दीत शिरतील, पाय मोडून घेतील, कोणाच्या तरी लेकराला तुडवतील. मग त्यानं कासरा कवडूच्या हातात दिला.

"आज तूच बस. पन नवशाले ओढू नको. त्याले नुसती हाक पुरते."

जोडी सुटली. धुरळ्यात बैल दिसेनासे झाले. कवडूची हाक लांब लांब जात राहिली आणि शालिक ती ऐकू येईनाशी होईपर्यंत ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपण होऊन ताटावर बसला. ज्वारीची भाकर, वरण आणि मेथीची भाजी त्यानं सावकाश चावून खाल्ली. दुसरी भाकर घेतली नाही आणि पहिलीतली उरवलीही नाही. मग दावं सोडून तो बैलांमागं धुऱ्याधुऱ्यानं, शेताच्या बांधाकडेनं, चालू लागला. पुढच्या पटाला अजून वर्ष होतं.

तात्पर्य: फार उपाशी ठेवलेलं शरीर दुष्काळ पडला असं समजून आखडतं आणि मंदावतं, वजन उतरवायचं असेल तर बेतानं जेवावं, रोज अंग हलवावं आणि धीर धरावा.