पंखा बंद करून घेतलेली सभा

एकदा एका वसाहतीत घरोघरी पाइपने नैसर्गिक गॅस घ्यायचा की सिलिंडरच चालू ठेवायचे, हे ठरवण्यासाठी सभा भरली. वैशाखाचे दिवस होते. तळमजल्यावरच्या सभागृहात पंखे पूर्ण वेगाने फिरत होते आणि त्यांच्याखाली घरोघरचे कर्ते पुरुष बसले होते. स्त्री एकही नव्हती, कारण सभा सकाळी अकराला होती आणि अकराला स्वयंपाक असतो. चुलीचा निर्णय करायला बसलेल्या या मंडळींपैकी एकाच्याही मनाला ही गोष्ट खटकली नाही.

ही काही पहिली सभा नव्हती. मागच्या सभेत इमारतीला नुकताच दिलेला रंग पिवळ्या पाइपमुळे विद्रूप दिसेल, यावर सगळा वेळ गेला होता. त्याआधी एका गृहस्थांनी पाइप आग्नेय दिशेनेच आत यावा, असा हट्ट धरला होता. अध्यक्षस्थानी असलेल्या व्यापाऱ्यांचे म्हणणे मात्र प्रत्येक सभेत एकच असे. "सिलिंडरवर काय वाईट चाललंय? आमच्या घरात आजवर कुणी तक्रार केलेली नाही."

पाइपच्या बाजूने सर्वांत आवेशाने बोलणारा तरुण होता हेरंब. दूरदेशी शिकून तो नुकताच परतला होता. वसाहतीत राहणाऱ्या एका वृद्ध गुरुजींचा तो लहानपणापासूनचा शिष्य. सभेतही त्यांच्याच शेजारी बसे. त्या दिवशी तो सिलिंडर वाहणाऱ्या गाड्यांच्या धुरावर बोलला, पृथ्वीच्या वाढत्या तापमानावर बोलला, पुढच्या पिढ्यांच्या हक्कांवर बोलला. बोलताना त्याचा आवाज कापत होता. तो खोटे बोलत नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे.

तेवढ्यात सचिवांनी गॅसच्या लोकांचा निरोप सांगितला. ज्या स्वयंपाकघरांना बाहेरची हवा नाही, तिथे पाइप मिळणार नाही. बंद केलेल्या खिडक्या आधी मोकळ्या कराव्या लागतील.

सभेत कुजबुज सुरू झाली. बहुतेकांनी ओट्यामागची बाल्कनी केव्हाच बंद करून घेतली होती. कुणाचे तिथे देवघर होते, कुणाची अडगळ होती.

व्यापारी हसून म्हणाले, "काय हो क्रांतिकारक, तुमची अभ्यासाची खोली ओट्यामागेच आहे ना? मग कधी पाडताय भिंत?"

सगळे हसले. हेरंबने हातातले कागद सारखे केले. मग म्हणाला, "त्यावर काही तांत्रिक उपाय निघेल."

हे ऐकून गुरुजी उठले. त्यांनी एकेक करून सभागृहाच्या खिडक्या लावल्या. मग पंखे बंद केले. समारंभांच्या चहासाठी कोपऱ्यात ठेवलेली शेगडी त्यांनी मध्यभागी आणून पेटवली आणि तिच्यावर पाण्याचे मोठे पातेले चढवले.

"हे काय, गुरुजी?" सचिवांनी विचारले.

"आज सर्वांचा चहा इथेच करतो. तुमचं चालू द्या."

सभा चालू झाली. पण थोड्याच वेळात मुद्दे विस्कटू लागले. कुणी कॉलर सैल केली, कुणी सूचनेच्या कागदाने वारा घेऊ लागला. व्यापाऱ्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला.

"गुरुजी, निदान एक पंखा तरी लावा," ते म्हणाले.

"ज्योत फडफडते, शेठ. पाणी उकळायला वेळ लागेल."

"मग राहू द्या तो चहा. पण पंखा लावा."

"हे वाक्य तुमच्या घरात कुणाला म्हणता येतं का?" गुरुजींनी विचारले. "स्वयंपाक राहू द्या, पण पंखा लावा, असं? तुम्ही म्हणता, घरात कुणी तक्रार केली नाही. तुम्ही कधी विचारलंत? पाइप घ्या, नाहीतर सिलिंडर ठेवा. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं आहे. पण जिला या हवेत रोज उभं राहायचं तिला वगळून ठरवलंत, तर तो निर्णय नाही, तो हुकूम आहे. आणि हुकूम देणाऱ्यांना आपला घामसुद्धा सोसवत नाही."

मग ते शिष्याकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला.

"आणि तू. तुझ्या भाषणात साऱ्या पृथ्वीचं तापमान होतं. तुझ्या आईच्या ओट्यापाशी किती उकडतं, ते नव्हतं. बाकीच्यांनी रंग सोडावा, दिशा सोडावी, हे तुझं तत्त्व; आणि तुझी खोली आली की तांत्रिक उपाय."

शिष्याने मान खाली घातली. सभा रविवारी संध्याकाळी, घरातल्या सर्वांसह घ्यायची, असे ठरले. गुरुजींनी शेगडी बंद केली.

हेरंब घरी आला तेव्हा आई भाकरी थापत होती. ओट्यासमोर जिथे पूर्वी खिडकी होती, तिथे भिंत होती. त्या भिंतीला पाठ टेकून तो वर्षानुवर्षे पलीकडच्या खोलीत वाचत बसला होता. पाठीला भिंत उबदार लागायची, हे त्याला आज आठवले. आईचा पदर खांद्याला चिकटला होता.

"बाहेर बस पंख्याखाली," ती म्हणाली. "वाढते पाच मिनिटांत."

तो तिथेच उभा राहिला. "आई, ही खिडकी बंद करायचं कुणी ठरवलं होतं?"

"मीच म्हटलं होतं. दहावीला होतास, बसायला कोपरा नव्हता. दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे, असं वाटलं होतं." तिने भाकरी तव्यावर टाकली. "पुढे तू गेलास. पण खोली तुझी म्हणून तशीच ठेवली."

"मी तिकडे असतानाही?"

"तू यायचा होतास ना."

त्याने भिंतीवर हात टेकवला. मग त्याने विचारले, "पाइपचा गॅस घ्यावा, असं तुला वाटतं का?"

आईने भाकरी उलटली. हा प्रश्न तिला नवा होता, त्यामुळे उत्तर द्यायला ती थांबली. "घेऊ की. सिलिंडर सरकवताना कंबर धरते हल्ली. पण तो येईल तेव्हा येईल रे. आधी जरा वारा येऊ दे."

जेवण झाल्यावर हेरंबने खोलीतली पुस्तके दिवाणखान्यात आणून जमिनीवर रचायला सुरुवात केली. आईने दारातून पाहिले आणि विचारले, "आणि तू कुठे बसशील?"

"ओट्याजवळ," तो म्हणाला. "खिडकी झाली की."

आपल्या घरी चुलीचा निर्णय व्हायचा असेल, तर बोलण्याआधी पंखा बंद करावा.