सैल टाका

एका डोंगराच्या कुशीतल्या जंगलात, ओढ्याकाठच्या उंबरावर, एक चष्मेवाली राहत असे. अंगठ्याएवढा हिरवा-पिवळा पक्षी आणि डोळ्यांभोवती पांढरी गोल कडी, जणू कुणी चष्माच चढवला आहे, म्हणून तिला सगळे चष्मेवाली म्हणत. ती सगळेच घाईने करी. उंबर पिकायच्या आधी टोची आणि मग तोंड वाकडे करून बसे. त्या उन्हाळ्यात मात्र तिच्या घाईला कारण होते. ती पहिल्यांदाच अंडी घालणार होती आणि घरटे अजून अर्धेच झाले होते.

त्या रानातल्या लहान पक्ष्यांना एक शिंपीण घरटी शिवून देई. तिची चोच सुईसारखी होती आणि दोरा सावरीच्या कापसाचा. पान ती कधी तोडत नसे. फांदीवरच्या जित्या पानांच्या कडा जवळ घेई, चोचीने बारीक भोक पाडी, त्यातून दोरा ओवी आणि टाका निसटू नये म्हणून पलीकडे त्याचा गोंडा करी. थोडे शिवून झाले की ज्याचे घरटे त्याला आत बसवी, आणि मगच पुढचा टाका घाली.

चष्मेवालीलाही तिने तसेच बसवले. "शेपटी आत घे. आता वळ. उजवीकडे टोचतंय?"

"काही टोचत नाही, मावशी. शिवून टाका एकदाचं."

"टोचतंय. तू सांगत नाहीयेस." शिंपिणीने टाका उसवला आणि पुन्हा घातला, पहिल्यापेक्षा सैल.

"अहो, हा तर ढिला झाला."

"पान कोवळं आहे, पोरी. अजून वाढायचंय त्याला. घट्ट शिवलं तर फाटेल."

"मला अंडी घालायची आहेत. पानं वाढवायची नाहीत," चष्मेवाली पुटपुटली.

त्याच सुमारास ओढ्यापलीकडच्या भोकराखाली एका माकडाने घरट्यांचा कारखाना काढला. त्याचे एक पोर पाने ओरबाडी, दुसरे त्यांना भोकराचा चिकट गर फासे, तिसरे ती दुमडून मुठीने दाबी, की झाले घरटे. ऊन चढायच्या आत तिथे ढीग लागे, सगळा एका मापाचा. माकड ढिगावर बसून सांगे, "सकाळी मागा, दुपारी राहायला जा. नाचरा पक्षी असो नाहीतर शिंजीर, घरटं एकच. तुमच्या फांदीवर येऊन चिकटवून देऊ."

चष्मेवाली पाहायला गेली. "हे मला मोठं होतंय," ती एका घरट्यात बसून म्हणाली.

"मोठं कसलं? हवा खेळती राहील."

"पण माझ्या मापाचं नाही."

"बाई, माप घरट्याला असतं," माकड म्हणाले. "पक्ष्याने आपलं अंग त्यात बसवायचं."

चष्मेवालीला ते फारसे पटले नाही, पण दुपारी राहायला जाता येईल हे मात्र पटले. माकडाने ते घरटे उंबराच्या त्याच फांदीवर, शिंपिणीच्या अर्धवट घरट्याच्या जरा वर, चिकटवून दिले.

"मावशी, आता तुमचं राहू द्या," चष्मेवाली दुसरीकडे पाहत म्हणाली.

"बरं," शिंपीण म्हणाली आणि पुढचा टाका घालू लागली.

"अहो, पण आता कुणासाठी?"

"भोकं पाडलीत मी या पानाला. मध्येच सोडलं तर बिचारं उगाच टोचून घेतल्यासारखं झालं."

आणि ती शिवत राहिली. मध्येच मान तिरकी करून टाक्याकडे पाही, गुणगुणे, पुन्हा शिवायला लागे. चष्मेवालीला याचाच राग आला. मावशीने थोडे तरी रागवायला हवे होते. शेवटचा गोंडा करून, आत कापूस अंथरून शिंपीण निघून गेली, आणि ते घरटे रिकामेच झुलत राहिले.

चष्मेवालीने वरच्या घरट्यात दोन निळसर अंडी घातली. काही दिवस बरे गेले. पण मुलांनो, ती पाने तोडलेली होती, ती किती दिवस हिरवी राहणार? ती तपकिरी झाली, त्यांच्या कडा वळल्या. चष्मेवाली जरा हलली तरी अशी कुरकुर होई की सगळ्या उंबराला ऐकू जावे. मग एका दुपारी डोंगरावरून तापलेला वारा सुटला. वाळलेल्या गराला तडा गेला, एक बाजू उघडली आणि घरटे कलले. चष्मेवालीने दोन्ही पंख पसरून अंडी अडवली. ती उठली असती तर अंडी घरंगळली असती, आणि बसून राहिली तर उरलेला गरही सुटणार होता.

शिंपिणीने हे शेजारच्या फांदीवरून पाहिले. ती तडक भोकराकडे उडाली. "माकडा, तुझं घरटं सुटतंय. चल."

"सुटू दे की. ढिगातलं नवं घेऊन जा."

"आणि अंडी? तीही ढिगातून देशील?"

माकडाचे तोंड एवढेसे झाले. ते उड्या मारत उंबरावर आले आणि फांदी गदगदा हलली.

"सावकाश," शिंपीण म्हणाली. "तुला हात आहेत, आम्हाला नाहीत. आता ते नीट वापर."

माकडाने श्वास रोखला. चष्मेवालीच्या पंखाखाली हात घालून एक अंडे तळहातावर घेतले आणि खालच्या शिवलेल्या घरट्यात ठेवले. मग दुसरे उचलले. त्याच क्षणी वरचे घरटे फाटले आणि भिरभिरत ओढ्यात गेले. शिवलेले घरटे मात्र वाऱ्याबरोबर झुलले, टाके जरासे ताणले गेले आणि तसेच राहिले. माकडाने दुसरे अंडेही त्यात ठेवले आणि चष्मेवाली आत जाऊन बसली. मधल्या दिवसांत पान वाढले होते, आणि तो ढिला टाका आता अगदी बेताचा झाला होता. उजवीकडे काहीच टोचत नव्हते.

माकड आपल्या तळहाताकडे पाहत बसले. "इतकं हळू काम मी कधी केलं नव्हतं."

"हात हलका आहे तुझा," शिंपीण म्हणाली. "उगाच ढिगात वाया घालवलास."

भोकराखालची पोरे आता भोकरे फासायची सोडून खाऊ लागली. माकड शिंपिणीसाठी पानांच्या कडा जुळवून धरू लागले. त्यात त्याचा सगळा दिवस जाई, तरी ते संध्याकाळी खुशीत घरी परते. उंबरावर दोन पिल्ले निघाली. त्यांच्या भोवतीची पाने हिरवीगार होती, त्यामुळे खालून जाणाऱ्याला तिथे घरटे आहे हे कळतसुद्धा नसे.

एके दिवशी एक नाचरी घाईघाईने आली. "मावशी, माझं जरा लवकर शिवा हो."

शिंपीण काही बोलायच्या आत पानांमधून चष्मेवालीने डोके बाहेर काढले. "शिवतील," ती म्हणाली. "तू आधी आत बस, आणि उजवीकडे टोचतंय का ते खरं सांग."

तात्पर्य : ज्याच्यासाठी करायचे त्याला ओळखून, हवा तेवढा वेळ देऊन हाताने केलेली एकच वस्तू अडचणीच्या वेळी आधार देते; घाईने घातलेला ढीग फक्त जागा अडवतो.