येसूची भोगी

एकदा काय झालं, ओढ्याकाठच्या एका गावात येसू नावाची आई राहायची. नवरा दूर मुलखात कामाला. घरात ती आणि तिची लेक ठकू, दोघीच. ठकू तीन वर्षांची झाली तरी अंगानं काडी. शेजारची वासरं वाढली, दारातली तुळस वाढली, ठकू काही वाढेना. येसू रोज तिला चौकटीला टेकून उभी करायची आणि डोक्याशी कोळशाची रेघ ओढायची. रोज रेघेवर रेघ. तसूभर फरक नाही.

मग भोगीचा दिवस आला. जाणती माणसं म्हणायची, न खाई भोगी तो सदा रोगी. येसूनं मनाशी धरलं, आज लेकीच्या पोटात भोगी गेलीच पाहिजे. पण त्या साली थंडीनं शेतं करपलेली. ती बांधाबांधानं फिरली. मूठभर वालाच्या शेंगा मिळाल्या, थोडे सोलाणे, एक किडकं वांगं, अर्धं गाजर. तीळ कुटून लावले आणि लहानशा मडक्यात भाजी शिजवली.

त्या गावची रीत अशी, बरं का, की भोगीला दारी आलेल्याला वाढल्याशिवाय घरच्यांनी जेवायचं नाही. येसूनं आधी लेकीची वाटी भरली, टोपलीखाली झाकली. मग दार उघडलं.

पहिली आली शेजारची सोनाक्का. "काय गं येसू, वास माझ्या चुलीपर्यंत आला. भाजी आहे, का नुसता वासच?"

येसूनं पळीभर वाढलं. मडक्यात पाहिलं, तर भाजी होती तेवढीच.

मग आला एक धनगर. "ताई, मेंढरांमागं सकाळपासून चालतोय. घासभर मिळंल का?"

त्यालाही वाढलं. भाजी तेवढीच! दुसरी कुणी असती तर हरखली असती. येसू भ्याली. दोनदा झालं, तिसऱ्यांदा कुठलं व्हायला?

तिसरी आली एक म्हातारी. पायांना चिखल, केसांत तिळाची फोलं. म्हणाली, "वाढ गं बाई."

येसूनं मडक्यावर पदर धरला. "आजी, संपलं."

तो शब्द आपण घरात काढत नाही, बरं का. मीठ सरलं तरी मीठ वाढलं म्हणतो. पण भ्यालेल्या जिवाला कुठलं भान?

येसूनं पदर काढला. मडकं कोरडं. टोपली उचलली. वाटीही कोरडी. ठकू ताटली घेऊन बसलीच होती. म्हणाली, "आई, वाढ."

येसूच्या डोळ्यांना धार लागली. "आजी, खोटं बोलले मी. संपलं नव्हतं. लेकीपायी जीव भ्याला."

"मडक्याच्या बुडाशी काय आहे?"

"नुसती खरवड, आजी. करपलेली."

"मग तीच वाढ."

येसूला वाटलं, तेवढी तरी ठकूच्या तोंडी घालावी. मग तिनं बूड खरवडलं, सगळी खरवड म्हातारीच्या तळव्यावर ठेवली आणि म्हणाली, "वाढते, आजी."

तसं हातातलं मडकं जड झालं. भाजी काठोकाठ! म्हातारीनं खरवडीचा एक घास घेतला, उरलेली ठकूच्या तोंडात घातली. म्हणाली, "बाळ, आता तू वाढ." आणि निघाली. तिची पावलं जिथं उमटली, तिथं वालाचे वेल वर आले.

मग येसूनं आधी ठकूला पोटभर वाढलं, मग अख्ख्या गावाला हाक मारली. सोनाक्का म्हणाली, "बाई गं, मडकं एवढंसं आणि पोट गावाएवढं!"

दुसऱ्या दिवशी येसूनं ठकूला चौकटीशी उभं केलं. रेघ बोटभर वर गेली होती. येसू तिथंच उंबऱ्यावर बसली आणि लेकीला पोटाशी धरून खूप रडली.

पुढे रेघा चढत गेल्या, मायलेकी सुखात राहिल्या. त्या गावात कुणी तो शब्द अजून काढत नाही. आपणही काढायचा नाही. गोष्ट वाढली, बाळांनो. मिटा डोळे. माणूस झोपेतच वाढतं.