नवी सायकल म्हणाली खुळुक

चला, मांडीवर बसा. बोटं तोंडातून काढा. कान द्या इकडे.

एक होती खार. एवढीशी. शेपूट मात्र झुपकेदार. म्हणून नाव झुपकी.

झुपकीला सापडली एक शेंग. भुईमुगाची. हलवली की वाजायची, खुळुक. सकाळपासून झुपकीच्या पोटात काही नव्हतं. शेंग तोंडात धरून ती निघाली. सुर्र सुर्र, तुरुतुरु.

वाटेत हारुणचाचांचं सायकलचं दुकान. दारात उभी नवी कोरी सायकल. लालचुटुक. नुकतीच खोक्यातून निघालेली. हँडल वाकडं. सीट नाहीच. सीटच्या जागी नुसती नळी, आणि नळीला वर भोक.

झुपकी टुपकन नळीवर चढली. "अय्या, किती छान," म्हणाली.

आता तोंडात शेंग असताना कुणी बोलतं का? तुम्हीच सांगा.

शेंग पडली भोकात. गुडुप.

झुपकीने हात घातला. पोचेना. शेपूट घातली. पोचेना.

झुपकी म्हणाली, "सायकलताई, सायकलताई, उलटी हो. माझी शेंग मिळेना."

सायकल म्हणाली, "कशी होऊ? हँडल वाकडं. धाडकन पडेन. हँडल सरळ झालं, तर मी उलटी होईन. पण लवकर कर बाई. संध्याकाळी जुई येणार. मी तिच्या घरी जाणार. शेंगेसकट."

बापरे. झुपकी निघाली. सुर्र सुर्र, तुरुतुरु.

"हँडलदादा, हँडलदादा, सरळ हो. सायकल उलटी होईना. माझी शेंग मिळेना."

हँडल म्हणालं, "मी काय आपोआप सरळ होतो? पाना फिरला, तर मी सरळ होईन."

झुपकी निघाली. सुर्र सुर्र, तुरुतुरु.

"पानेराव, पानेराव, फिरा. हँडल सरळ होईना. सायकल उलटी होईना. माझी शेंग मिळेना."

पाना म्हणाला, "मला लागलंय ग्रीस. मी सटकतो. फडक्याने पुसलं, तर मी फिरेन."

फडकं कुठे होतं? चाचांच्या खांद्यावर. झुपकी निघाली. सुर्र सुर्र, तुरुतुरु.

"फडकेबुवा, फडकेबुवा, पुसा. पाना फिरेना. हँडल सरळ होईना. सायकल उलटी होईना. माझी शेंग मिळेना."

फडकं म्हणालं, "चाचा बसलेत, म्हणून मी बसलोय. चाचा उठले, तर मी पुसेन."

झुपकी चाचांच्या कानाशी गेली.

"चाचा, चाचा, उठा. फडकं पुसेना. पाना फिरेना. हँडल सरळ होईना. सायकल उलटी होईना. माझी शेंग मिळेना."

चाचांनी जांभई दिली. आऽऽऽ. एवढी मोठी, की झुपकी आतच जायची. चाचा म्हणाले, "काय म्हणालीस? बेटा, चहाशिवाय माझ्या कानात काही शिरत नाही. चहा आला, तर मी उठेन."

चहाची टपरी शेजारीच. शेवंतामावशीची. झुपकी निघाली. सुर्र सुर्र, तुरुतुरु.

"मावशी, मावशी, चहा द्या. चाचा उठेनात. फडकं पुसेना. पाना फिरेना. हँडल सरळ होईना. सायकल उलटी होईना. माझी शेंग मिळेना."

मावशी म्हणाली, "आल्याबिगर कसला गं चहा? आलं गेलंय घरंगळत फळीखाली. माझा हात जाईना. आलं मिळालं, तर मी चहा देईन."

झुपकी वाकली. फळीखाली अंधार. अंधारात आलं.

"आलेबुवा, आलेबुवा, बाहेर या. चहा मिळेना. चाचा उठेनात. फडकं पुसेना. पाना फिरेना. हँडल सरळ होईना. सायकल उलटी होईना. माझी शेंग मिळेना."

आलं गप्प.

झुपकीने वाट पाहिली. आलं गप्पच. आलं कुठं बोलतं?

"बरं बाई, मीच येते," झुपकी म्हणाली. घुसली फळीखाली. सुर्रकन. आणि आलं ओढत ओढत बाहेर. नाकाला जाळं, मिशीला धूळ. आँऽऽक छी.

मग काय, मजाच मजा. मावशीने आलं ठेचलं, ठच ठच. चहा उकळला, बुडबुड बुडबुड. चाचा प्यायले, फुर्रर्र. चाचा उठले. फडक्याने पाना पुसला. पाना फिरला, करकर करकर. हँडल सरळ झालं, खटाक.

आता सायकल उलटी होणार. झुपकी खाली ओंजळ धरून उभी राहिली.

पण चाचांच्या अंगात चहा शिरला होता. ते मोठमोठ्याने गाऊ लागले. गाता गाता पायडलं बसवली. चाकांत हवा भरली, फुस्स फुस्स. ब्रेक दाबला, चुईक. घंटी लावली, ट्रिंग. आणि नळीवर बसवली सीट. ठक. भोक बंद.

"माझी शेंग," झुपकी ओरडली. गाण्यात कुणाला ऐकू येतंय?

तेवढ्यात जुई आली. बाबांचं बोट धरून. हातात झेंडूचा हार. झुपकीला रडूच आलं.

"द्या चाचा, माझी सायकल," जुई म्हणाली.

"थांब बेटा. अजून नाही."

हारुणचाचांची एक पद्धत होती. नवी सायकल द्यायच्या आधी ते ती थोडीशी उचलायचे आणि सोडायचे. सगळं घट्ट बसलं असलं, की सायकल म्हणायची धप. नुसतं धप.

चाचांनी गाणं थांबवलं. सायकल उचलली. सोडली.

धप. खुळुक.

चाचांनी घंटी आवळली. धप. खुळुक.

चाक आवळलं. धप. खुळुक.

"खुळुक तर खुळुक. द्या ना," जुई म्हणाली.

"नाही गं. हारुणच्या दुकानातून खुळुकवाली सायकल जात नाही."

झुपकी उडी मारून सीटवर चढली. थयथय नाचली. म्हणाली, "माझी शेंग मिळेना."

आता चाचांचे कान उघडे होते.

"आत शेंग आहे होय? मग आधी नाही का सांगायचं?"

घ्या. आता काय बोलायचं?

चाचांनी सीट काढली. सायकल उलटी केली. आणि शेंग पडली टप्पकन झुपकीच्या ओंजळीत.

सीट पुन्हा बसली. सायकल पुन्हा उचलली. सगळ्यांनी कान टवकारले.

धप.

नुसतं धप. जुईने हँडलला हार घातला, टांग मारली आणि निघाली. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग.

झुपकी दुकानाच्या पाटीवर बसली. कट्ट. शेंग फोडली. सगळे दाणे खाल्ले. पोट झालं टुम्म.

रिकामं टरफल पडलं चाचांच्या टोपीवर. चाचांनी ते कानाशी धरून हलवलं.

"खुळुक नाही," चाचा म्हणाले. "जा बेटा, झोप आता."